भाडे थकले, करार संपला, खोली सुटेना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये मोठ्या इमारतींचे मालक जवळजवळ नाहीत. निवृत्तीच्या पैशातून वरचा मजला चढवून दोन खोल्या भाड्याने देणारे, भावाभावांच्या वाटणीत पेठेतला एखादा गाळा वाट्याला आलेले, मुले पुण्याला गेल्यामुळे रिकामे पडलेले घर ओळखीच्या माणसाला दिलेले, अशा लोकांची ही पत्रे आहेत. त्यांतील प्रातिनिधिक प्रश्न निवडले असून ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

उत्तरांआधी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. खानदेश जुन्या मुंबई प्रांतात असल्यामुळे येथे १९४७ चा मुंबई भाडे कायदा लागू होता, तर विदर्भ आणि मराठवाड्याचे कायदे निराळे होते. ३१ मार्च २००० पासून हे तिन्ही कायदे जाऊन महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा एकच कायदा आला. तो राज्यातील प्रत्येक गावाला लागू नाही. अनुसूचीत नमूद केलेल्या क्षेत्रांनाच तो लागू होतो. त्यामुळे आपली मिळकत त्या क्षेत्रात येते की नाही, हे आपल्या वकिलाकडून पहिल्याच भेटीत तपासून घ्यावे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याचा उल्लेख अनेक पत्रांत आहे. तो राज्यांसाठी केवळ नमुना आहे आणि राज्याने स्वीकारल्याखेरीज त्याच्या आधारे कोणालाही घराबाहेर काढता येत नाही.

प्रश्न : मी रेल्वेतून निवृत्त झालो असून भुसावळला राहतो. वरच्या मजल्यावरील दोन खोल्या चार वर्षांपूर्वी खाजगी नोकरी करणाऱ्या एका कुटुंबाला दिल्या. पहिल्या वर्षी स्टँप पेपरवर नोटरीसमोर अकरा महिन्यांचा करार केला. पुढे तो नव्याने केला नाही. भाडे साडेपाच हजार रुपये आहे. आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) एक पैसा आलेला नाही. विचारले की, “काका, पगार अडकला आहे, पुढच्या महिन्यात एकदम देतो,” असे सांगतात. पोलीस म्हणतात, ही दिवाणी बाब आहे. शेजारी म्हणतात, टाकीचा वॉल बंद करा, आठ दिवसांत खोली मोकळी होईल. काय करावे?

उत्तर : वॉल बंद करू नका. शेजाऱ्यांचा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो आणि त्याच्यामुळे सरळ असलेले प्रकरण वाकडे होते. पाणी, वीज, जिन्यातील दिवा, संडासाची सोय या अत्यावश्यक सेवा पुरेशा कारणाशिवाय तोडण्यास अथवा रोखण्यास भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ ने घरमालकाला मनाई केली आहे. भाडे थकले म्हणून पाणी तोडले, हे कारण न्यायालयात टिकवणे फार अवघड आहे. भाडेकरू अर्ज करून पाणी पुन्हा सुरू करण्याचा हुकूम मिळवू शकतो आणि या कलमाचा भंग हा शिक्षापात्र गुन्हाही आहे. भुसावळच्या उन्हाळ्यात लहान मुले असलेल्या कुटुंबाचे पाणी तोडणाऱ्या मालकाकडे न्यायाधीश कोणत्या नजरेने पाहतील, याचा विचार करावा. त्या दिवसापर्यंत थकबाकीदार असलेला माणूस दुसऱ्या दिवशी तक्रारदार होतो आणि आपल्या सहा महिन्यांच्या तेहतीस हजारांचा विषय मागे पडतो.

कुलूप लावण्याचेही तसेच आहे. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ नुसार, कायदेशीर मार्गाखेरीज ताब्यातून काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो आणि त्या दाव्यात घर कोणाच्या मालकीचे आहे हा प्रश्न पाहिलाच जात नाही. शिवाय ते लोक गावी गेलेले असताना कुलूप तोडून भांडीकुंडी जिन्यात ठेवली आणि नंतर कपाटात सोन्याची पोत होती अशी फिर्याद आली, तर ती पोत तेथे नव्हती हे आपण कशाने दाखवणार? पोलिसांनी सांगितले ते या बाबतीत बरोबर आहे. ते थकलेले भाडे वसूल करून देत नाहीत आणि खोलीही रिकामी करून देत नाहीत.

योग्य मार्ग नोटिशीपासून सुरू होतो. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १५ नुसार भाडे थकल्याच्या कारणावरून ताबा मागण्यापूर्वी थकबाकीची लेखी मागणी करावी लागते आणि ती नोटीस पोहोचल्यापासून ९० दिवस संपल्याशिवाय दावा लावता येत नाही. नोटिशीत मिळकतीचे वर्णन, दरमहा भाडे, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत किती रक्कम थकली, हे स्पष्ट लिहावे. रागाच्या भरात रक्कम फुगवून लिहिली जाते, रंगाचा खर्च आणि जुन्या दिवाळीची उसनवारीही त्यात घातली जाते. तसे केल्यास नोटीसच वादात सापडते. नोटीस पोचपावती मिळेल अशा टपालाने पाठवावी आणि पावती, पोचपावती व स्थळप्रत (आपल्याजवळ राहणारी प्रत) एकत्र ठेवावी. पाकीट “घेण्यास नकार” असा शेरा मारून परत आले, तर ते फोडू नये; बंद पाकीट तसेच न्यायालयात दाखल करता येते.

नव्वद दिवसांनंतर दावा दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे चालेल. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत भाडेकरूने सर्व थकबाकी, त्यावर वर्षाला १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च न्यायालयात भरला आणि निकाल लागेपर्यंत भाडे नियमित भरत राहिला, तर या कारणावरून त्याला काढता येत नाही. पुष्कळ मालकांना ही तरतूद अन्यायाची वाटते. माझे मत निराळे आहे. ज्याला खरोखर भाडेच हवे आहे, त्याला ते व्याजासह मिळते, आणि ज्याची भरण्याची ऐपत किंवा इच्छा नाही तो येथेच उघडा पडतो.

आपली खरी अडचण कराराची आहे. अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. कलम ५५ नुसार भाडेकरार आणि लिव्ह अँड लायसन्सचा (जागा ठरावीक मुदतीपुरती वापरू देण्याच्या परवानगीचा) करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे आणि ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. याहून महत्त्वाचा परिणाम असा की, नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. उद्या त्याने भाडे साडेपाच नव्हे, चार हजार होते असे सांगितले, तर साडेपाच सिद्ध करण्याचा भार आपल्यावर येईल. म्हणून नोटीस देण्याआधी बँकेचे पासबुक घेऊन बसावे, त्याच्याकडून खात्यावर आलेल्या रकमा खुणा करून काढाव्यात, फोनपेवरील नोंदींची छापील प्रत घ्यावी आणि “पुढच्या महिन्यात देतो” असे त्याचे संदेश असतील तर ते जपून ठेवावेत. भाडे रोख घेत असाल आणि पावती देत नसाल, तर ती सवय आजच मोडावी; भाड्याची पावती देणे कायद्याने सक्तीचे आहे. मध्येच त्याने पाच हजार आणून दिले तर नाकारू नका. “अमुक महिन्याच्या थकबाकीपोटी” असे लिहून पावती द्या आणि स्थळप्रतीवर त्याची सही घ्या.

नोटीस गेल्यावर पुष्कळ भाडेकरू बोलायला येतात. मुलांची परीक्षा संपेपर्यंत मुदत आणि अर्धी थकबाकी माफ, अशी तडजोड होत असेल तर ती नाकारण्यापूर्वी दाव्याला किती काळ जाईल हे मनात धरावे. मात्र तडजोड तोंडी ठेवू नये. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत दावा लावण्यापूर्वीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येते. तेथे झालेल्या निवाड्याला हुकूमनाम्याचा दर्जा असतो, त्यावर अपील नसते आणि भाडेकरूने शब्द फिरवला तर थेट दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) लावता येते.

प्रश्न : अमळनेरच्या बाजारपेठेत आमचा वडिलोपार्जित गाळा आहे. आजोबांनी तो १९७० च्या सुमारास एका व्यापाऱ्याला दिला. ते वारले, आता त्यांचा मुलगा दुकान चालवतो आणि तीनशे रुपये भाडे देतो. गेल्या दोन वर्षांपासून अर्धा गाळा त्याने मोबाईल दुरुस्ती करणाऱ्या एका तरुणाला दिला आहे. माझ्या मुलाने आणि सुनेने औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेतली असून त्यांना तेथे मेडिकल टाकायचे आहे. मागच्या गल्लीत आमचा आणखी एक गाळा आहे. त्यात आम्ही धान्य व शेतीचे सामान ठेवतो. करार आजोबांशी आणि त्याच्या वडिलांशी होता, मग मुलाचा हक्क कसा?

उत्तर : शेवटचा मुद्दा आधी सोडून द्यावा. व्यवसायासाठी दिलेल्या जागेचा भाडेकरू वारला, तर त्याच्यासोबत त्या जागेत व्यवसाय करणारा कुटुंबीय कायद्यानेच भाडेकरू ठरतो. मुलगा वडिलांच्या हयातीतच गल्ल्यावर बसत असेल, तर “तुझ्याशी करार नाही” या युक्तिवादावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

आपल्यापाशी दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे वाजवी आणि खरीखुरी गरज. आपली गरज काय आणि ती कोठे भागेल, हे ठरवण्यास मालकच सर्वांत योग्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत म्हटले आहे. मालकाने कोठे आणि कसे राहावे किंवा व्यापार करावा हे भाडेकरूने सांगायचे नसते. कुटुंबातील मुलांची गरज ही मालकाचीच गरज मानली जाते. तरीही गरज आहे असे नुसते म्हणून भागत नाही. मुलाची व सुनेची पदवी, फार्मासिस्ट म्हणून झालेली नोंदणी, औषध परवान्यासाठी केलेली विचारपूस, भांडवलाची तयारी असा कागद न कागद गोळा करावा. मागच्या गल्लीतील गाळ्याचा उल्लेख दाव्याच्या अर्जात आपणहून करावा आणि तो का चालणार नाही हेही तेथेच सांगावे. मेडिकलला हमरस्त्याचे तोंड आणि दवाखान्यांची जवळीक लागते, मागच्या गल्लीत संध्याकाळनंतर गिऱ्हाईक फिरकत नाही, हे कोणालाही पटण्यासारखे आहे. परंतु तो गाळा आपण लपवला आणि उलटतपासणीत समोरच्या वकिलाने घरपट्टीचा उतारा पुढे केला, तर गरजेच्या खरेपणावरच डाग पडतो. चांगली प्रकरणे मी अशाच लपवाछपवीत बुडताना पाहिली आहेत.

गरज सिद्ध झाली तरी न्यायालय दोन्ही बाजूंची अडचण तोलून पाहते. हुकूम दिल्याने भाडेकरूची होणारी अडचण तो न दिल्याने आपली होणाऱ्या अडचणीपेक्षा मोठी असेल, तर ताबा नाकारला जाऊ शकतो, किंवा जागेच्या एका भागापुरताच हुकूम दिला जाऊ शकतो. येथे भाडेकरूने पर्यायी गाळा शोधण्याचा प्रयत्न केला का, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. बाजारपेठेत भाड्याने मिळू शकणाऱ्या गाळ्यांची माहिती आपण आतापासून टिपून ठेवावी. आणखी एक लक्षात ठेवावे: ताबा मिळाल्यावर महिन्याभरात जागा वापरात आणली नाही किंवा वर्षाच्या आत दुसऱ्यालाच भाड्याने दिली, तर जुना भाडेकरू जागा परत मागू शकतो.

दुसरे कारण पोटभाडेकरूचे. लेखी परवानगीशिवाय जागा किंवा तिचा भाग दुसऱ्याच्या ताब्यात देणे हे ताबा मागण्यास पुरेसे कारण आहे, पण “तो माझा भागीदार आहे” किंवा “नोकर आहे” हे उत्तर तयारच असते. म्हणून मोबाईलवाल्याचा स्वतंत्र फलक, त्याच्या नावाची जीएसटी नोंदणी किंवा गुमास्ता परवाना, वेगळे शटर वा वेगळे कुलूप, त्याच्या बिलावर छापलेला पत्ता, असा पुरावा हवा. एखादे स्क्रीनगार्ड विकत घेऊन त्याचे बिल मागितले, तरी पुष्कळ काम होते.

भाड्याबद्दल सांगायचे तर कायद्याने दरसाल ४ टक्के वाढ घेता येते, म्हणजे तीनशेचे पहिल्या वर्षी तीनशे बारा. चहा-फाफड्यालाही न पुरणाऱ्या या वाढीसाठी नोटीस कशाला द्यायची, असे म्हणून पेठेतल्या पुष्कळ मालकांनी ती कधी मागितलीच नाही; वर्षे गेली आणि भाडे तेथेच राहिले. ती आता तरी मागावी. याशिवाय तडजोडीचा एक मार्ग आहे. भाडेहक्क सोडण्याच्या मोबदल्यात भाडेकरूने रक्कम घेणे कलम ५६ नुसार बेकायदेशीर नाही. तशी बोलणी झाल्यास रक्कम बँकेमार्फत, ताबा त्याच दिवशी आणि हक्क सोडल्याचा लेख सर्व वारसांच्या सहीने, या तीन गोष्टी एकत्र घडाव्यात. मोठी रक्कम आधी देऊन “दिवाळीनंतर गाळा सोडतो” या शब्दावर थांबू नये.

प्रश्न : जळगावला विद्यापीठाच्या बाजूला आमच्या चार खोल्या आहेत. विद्यार्थी ठेवतो. दोन सांगून चार राहतात, रात्री गोंधळ असतो, आणि परीक्षा संपली की न सांगता निघून जातात. एक जण सामान ठेवून गेला आहे. दोन महिने फोन उचलत नाही.

उत्तर : विद्यार्थ्यांसाठी नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सच करावा आणि त्यात राहणाऱ्यांची नावे लिहावीत. खोली देताना पंखा, नळ, गीझर, खिडकीच्या काचा यांची यादी करून त्यावर सही घ्यावी, मीटरच्या आकड्याचा फोटो काढावा. डिपॉझिटमधून काय कापले याचा हिशेब लेखी दिला की निम्मी भांडणे होत नाहीत. भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्याचा आदेश आपल्या भागात लागू असेल, तर ती दिल्याची पोच ठेवावी. विद्यार्थ्यांच्या बाबतीत ही काळजी विशेष घ्यावी.

सामान ठेवून गेलेल्या मुलाच्या खोलीचे कुलूप लगेच तोडू नका. करारावरील कायमच्या पत्त्यावर त्याला आणि पालकांना पत्र पाठवा, मुदत द्या. पालक येऊन सामान नेतात, असाच बहुधा अनुभव येतो. नेताना त्यांच्याकडून खोलीचा ताबा मिळाल्याचे लिहून घ्या. कोणीच आले नाही, तर पुढचे पाऊल वकिलाच्या सल्ल्यानेच टाका. रात्रीच्या गोंधळाबद्दल शेजाऱ्यांच्या लेखी तक्रारी घ्याव्यात, कारण शेजाऱ्यांना होणारा उपद्रव हे ताबा मागण्याचे स्वतंत्र कारण आहे आणि तो शेजाऱ्यांच्याच तोंडून सिद्ध व्हावा लागतो.

प्रश्न : भाऊ, मी पती वारल्यापासून नाशिकला मुलीकडे असते. शहादा तालुक्यातील आमच्या गावचे घर पतींनी चौदा वर्षांपूर्वी ओळखीच्या माणसाला महिना पाचशे रुपयांनी दिले होते. लिहून काही घेतले नाही. आता तो म्हणतो, बारा वर्षे झाली, घर माझे झाले. ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर भोगवटादार म्हणून त्याचे नाव लागले आहे. मी एकटी बाई, काय करू शकते?

उत्तर : ताई, नुसती बारा वर्षे राहिल्याने भाडेकरू मालक होत नाही. विरुद्ध ताब्याचा हक्क सांगणाऱ्याला, मालकाचा हक्क उघडपणे नाकारून बारा वर्षे ताबा ठेवला हे सिद्ध करावे लागते. आपल्या पतींच्या परवानगीने आत आलेला आणि भाडे देत राहिलेला माणूस या व्याख्येत बसत नाही, आणि ज्याच्याकडून भाड्याने घर घेतले त्याची त्या वेळची मालकी भाडेकरू म्हणून राहत असताना त्याला नाकारताही येत नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा कर आकारणीसाठी असतो. त्यावर भोगवटादार म्हणून नाव आल्याने मालकी मिळत नाही.

तरीही मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. लेखी काहीच नसल्यामुळे तो उद्या “मी भाडेकरू कधी नव्हतोच, घर मला तोंडी विकले होते” असे म्हणू शकेल. तोंडी विक्रीने घर मिळत नाही हे खरे, पण अशा वेळी आपल्याला भाड्यापेक्षा मालकीच सिद्ध करावी लागते. त्यासाठी आधी आपली बाजू कागदावर उभी करा. खरेदीखत किंवा वाटणीपत्र शोधा. गावठाणाची ड्रोन मोजणी होऊन मिळकत पत्रिका निघाली असेल, तर ती कोणाच्या नावे आहे ते पाहा. पतींच्या जागी आपले व मुलीचे वारस म्हणून नाव लावण्याचा अर्ज करा. त्याचे नाव भोगवटादार म्हणून कोणत्या अर्जावर आणि कोणत्या ठरावाने लागले, हे माहिती अधिकारात मागा आणि त्या नोंदीला लेखी हरकत घेऊन पोच घ्या. पती हयात असताना भाड्याची रक्कम बँकेत आली असेल किंवा गावातल्या कोणाच्या हाती पाठवली जात असेल, तर त्या माणसाची साक्ष उपयोगी पडेल.

आपले गाव भाडे नियंत्रण कायद्याच्या अनुसूचीत नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम लागू होतो. महिनेवारी भाडेकरूला कलम १०६ नुसार १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन भाडेपट्टा संपवता येतो आणि त्यानंतर ताब्याचा दावा लावता येतो. शहरातल्यासारखी थकबाकी किंवा गरज दाखवण्याची अट तेथे नसते. मात्र भाडेपट्टा संपल्यापासून ताब्याच्या दाव्याची बारा वर्षांची मुदत मोजली जाते, म्हणून नोटीस देऊन पुन्हा गप्प बसू नये. खर्चाची धास्ती घेऊ नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार महिलांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. शहादा न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करावा लागतो.

प्रश्न : धुळ्याला माझा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सची अकरा महिन्यांची मुदत जूनअखेर संपली. राहणारे सोडत नाहीत, पण दरमहा आठ हजार खात्यावर टाकतात. मलाही दावा लावून वर्षानुवर्षे थांबावे लागेल का? आणि पुढच्या वेळी नोंदणीला किती खर्च येईल?

उत्तर : आपण करार नोंदवला होता, म्हणून आपला मार्ग बराच जवळचा आहे. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या जागेची मुदत संपल्यावर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ नुसार दिवाणी न्यायालयाऐवजी शासनाने नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. समन्स मिळाल्यावर राहणाऱ्याने ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बचाव करण्याची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही किंवा मिळाली नाही, तर अर्जातील मजकूर मान्य धरून ताब्याचा आदेश होतो. लेखी करार हा त्यात नमूद असलेल्या बाबींचा निर्णायक पुरावा मानला जातो, म्हणजे “खरे तर आम्ही भाडेकरू होतो” असे म्हणायला जागा फार राहत नाही. मुदतीनंतरच्या काळासाठी लायसन्स फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाईही मागता येते. आदेशावर अपील नसते. केवळ पुनरीक्षण अर्ज (आदेश पुन्हा तपासून पाहण्याचा अर्ज) करता येतो. ही सोय निवासी जागेलाच आहे, गाळ्याला नाही.

खात्यावर येणाऱ्या आठ हजारांबद्दल मात्र आजच पत्र पाठवा. करार संपला आहे, त्याला मुदतवाढ दिलेली नाही आणि येणारी रक्कम नुकसानभरपाईपोटी, आपले हक्क राखून स्वीकारली जात आहे, एवढे त्यात असावे. मालक महिनोन्महिने मुकाट्याने रक्कम घेत राहिला, तर मुदत वाढली होती असे म्हणायला समोरच्याला वाव मिळतो.

खर्चाचे म्हणाल, तर मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि परत करावयाच्या डिपॉझिटवरील वार्षिक १० टक्के दराचे व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के आहे. आठ हजारांप्रमाणे अकरा महिन्यांचे ८८,००० रुपये, डिपॉझिट पन्नास हजार धरले तर त्यावरील त्या काळाचे व्याज सुमारे ४,६०० रुपये. शुल्क अडीचशे रुपयांच्या आत बसते. नोंदणी फी नागरी क्षेत्रात १००० रुपये आणि ग्रामीण भागात ५०० रुपये असून नोंदणी घरबसल्या ऑनलाइनही होते. एजंटाची फी वेगळी, आणि ती आधी ठरवून घ्यावी.

प्रश्न : पाचोऱ्याच्या घरात भाडेकरूने न विचारता स्वयंपाकाचा ओटा बांधला आणि मागच्या अंगणात विटांचे न्हाणीघरही उभारले. यावरून घर खाली करून घेता येईल का?

उत्तर : ओट्यावरून नाही. स्वयंपाकाचा ओटा, लाकडी पार्टिशन, जाळी, दार, खिडकी यांना कायद्याने कायमस्वरूपी बांधकामातून वगळले आहे. विटांचे पक्के न्हाणीघर मात्र लेखी संमतीशिवाय बांधलेले कायमस्वरूपी बांधकाम ठरू शकते आणि त्यावरून ताब्याचा दावा लावता येतो. आधी सूचना देऊन योग्य वेळी घराची पाहणी करण्याचा हक्क आपल्याला आहे. तो वापरून तारखेसह फोटो काढा आणि बांधकामास संमती नसल्याचे लेखी कळवा. न्हाणीघर झाले म्हणून भाडे दोनशेने वाढवून घेण्याचा मोह होत असेल, तर तो टाळा, कारण त्या वाढीव पावतीलाच तो आपली संमती म्हणून पुढे करील. नोटीस मिळाल्यावर त्याने बांधकाम काढून अंगण पूर्ववत केले, तर केवळ या कारणासाठी न्यायालयात जाण्याचा सल्ला मी देणार नाही.